चिनी मातीचा व्यापारी आणि तळ्याकाठचं गाव

(दृश्य: पहाटेचं स्थिर पाणी. पलीकडे निळसर डोंगररांग. लाकडी धक्क्यावर ओल्या पावलांचे ठसे.)

आल्प्समधलं तळं म्हटलं की पाय बुडवताच हाडं गोठतील असं पाणी डोळ्यांसमोर येतं. हे तळं तसं नाही. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडचा कॅरिन्थिया प्रांत, आणि त्यातलं हे सर्वांत मोठं तळं, वोर्टरझे. लांबी साडेसोळा किलोमीटर, खोली काही ठिकाणी पंच्याऐंशी मीटर. आणि तरीही ऐन उन्हाळ्यात वरचं पाणी २५ अंशांच्या पुढे जातं.

असं का होतं? बर्फाचं पाणी घेऊन येणारी कुठलीही मोठी नदी यात उतरत नाही, येतात ते लहान ओढे. भोवतीचे डोंगर गार वारा अडवतात. शिवाय हे तळं तळापासून पूर्ण घुसळलं जात नाही. खालचं थंड पाणी खालीच राहतं आणि वरचा थर उन्हात तापत राहतो.

ही ऊब हजारो वर्षं इथेच होती. पण नुसत्या पोहण्यासाठी, चार दिवस बसून राहण्यासाठी दुरून कुणी इथे यावं, ही कल्पना तशी अलीकडची. ती उभी करणाऱ्यांमध्ये एक माणूस होता कपबशा विकणारा.

(दृश्य: पांढऱ्याशुभ्र बशीची कड. सोनेरी रेघ. बशी उलटी केली जाते, तळाशी ‘ई’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरं.)

एर्न्स्ट वालिस. जन्म १८३७. १८६३ मध्ये व्हिएन्नात त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार सुरू केला.

तो काळ मोठा विलक्षण होता. व्हिएन्नाचा शाही पोर्सिलेन (म्हणजे उंची चिनी मातीच्या भांड्यांचा) कारखाना म्हणजे या शहराचा मान. जर्मनीतल्या माइसननंतर युरोपात अस्सल पोर्सिलेन बनवणारा हा दुसरा कारखाना, १७१८ मध्ये सुरू झालेला. पुढे महाराणी मारिया थेरेसानं तो सरकारच्या ताब्यात घेतला. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, कारखान्यांचा माल स्वस्त पडू लागला, तोटा वाढत गेला, आणि १८६४ मध्ये भट्ट्या कायमच्या विझल्या. दीडशे वर्षांची परंपरा संपत होती, आणि त्याच शहरात एक तरुण व्यापारी नवं दुकान लावून बसला होता.

दरबाराचा कारखाना बंद पडला म्हणून लोकांची हौस काही संपली नव्हती. उलट आता गिऱ्हाईक बदललं होतं. वकील, डॉक्टर, कारखानदार, बँकवाले, सगळ्यांच्या घरी पाहुणे यायचे, आणि टेबलावर उत्तम सेट हवा असायचा. वालिस यांचं नाव व्हिएन्नातून लंडनपर्यंत गेलं. १८९४ मध्ये त्यांनी बोहेमियात टेप्लिट्झजवळच्या टुर्न गावी अलेक्झांड्रा पोर्सिलेन कारखाना घेतला. आता माल विकणं आणि घडवणं, दोन्ही हातात आलं. बंद पडलेल्या शाही कारखान्याचे सुमारे सहाशे मूळ साचेही अखेर वालिस फर्मकडेच आले. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. राजघराण्याला जे सांभाळता आलं नाही, ते एका दुकानदाराच्या पेढीनं सांभाळलं.

(दृश्य: वाफेचं इंजिन. खिडकीतून मागे सरणारी झाडं, मग अचानक पाणी.)

पुन्हा १८६४ कडे येऊ. त्याच वर्षी, मे महिन्यात, क्लागेनफुर्ट ते फिलाख हा रेल्वेमार्ग सुरू झाला. तो तळ्याच्या उत्तर काठानं जातो. वाटेत पोर्चाख नावाचं लहानसं गाव लागतं. पाण्यात शिरलेलं जमिनीचं एक टोक, तोंड दक्षिणेला, म्हणजे दिवसभर ऊन. समोरच्या काठावर मारिया वोर्टचं चर्च.

व्हिएन्नाच्या सुखवस्तू घरांत एक रीत होती, झोमरफ्रिशे. ‘उन्हाळ्यातला गारवा’ असा त्याचा साधारण अर्थ. सुट्टीचे आठ-दहा दिवस नव्हेत, तर उन्हाळाच्या उन्हाळा बाहेर काढायचा. मुलं, आजी, स्वयंपाकीण, ट्रंका, सगळं बिऱ्हाड हलायचं. वडील मंडळी कामासाठी शहरात राहायची आणि मधूनमधून येऊन जायची. रेल्वेमुळे हे दूरचं तळंही त्यांच्या आवाक्यात आलं.

१८७७ च्या उन्हाळ्यात नामवंत संगीतकार योहानेस ब्राम्स पोर्चाखला येऊन राहिले. इथेच त्यांची दुसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, आकाराला आली. पुढच्या वर्षी व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना. त्यांनी मित्राला कळवलं होतं की इथे सूर असे उडत असतात, की पायाखाली एखादा चिरडू नये म्हणून जपून चालावं लागतं. सलग तीन उन्हाळे ते इथे आले, नंतर दुसरीकडे जाऊ लागले. जाहिरातीला पैसे मोजून मिळाली नसती अशी कीर्ती गावाला मिळून गेली.

पण कीर्तीवर पाहुणे झोपत नाहीत. त्यांना खाट लागते, गरम पाणी लागतं, वेळेवर जेवण लागतं.

(दृश्य: जुनं पोस्टकार्ड. झाडीतून डोकावणारे मनोरे, लाकडी सज्जे, काठावर न्हाणघरं.)

इथे वालिस पुढे आले. रेल्वे कंपनीनं टोब्लाखला, झेमरिंगला, समुद्राकाठी अबात्सियाला स्वतःची मोठी हॉटेलं बांधली. पोर्चाखच्या त्या पाण्यात शिरलेल्या टोकावर मात्र नाव लागलं एका भांडीवाल्याचं. ‘एटाब्लिसमाँ वालिस’. हे एकच हॉटेल नव्हतं. राहण्यासाठी अनेक व्हिला, जेवणघर, पोहण्याची सोय, फिरायला बाग आणि काठाकाठानं जाणारी वाट, असा तो सगळा पसारा होता.

मला यात त्यांचा मूळ धंदा स्पष्ट दिसतो. चिनी मातीचा व्यापारी एक बशी विकत नाही, तो सेट विकतो. सूपची वाटी, सॉसचं भांडं, फळांचं तबक, सगळं एका नक्षीचं, एकमेकांना शोभणारं. काठावरची ही मांडणीही तशीच आहे. पाहुण्यानं सकाळी पोहावं, दुपारी सावलीत बसावं, संध्याकाळी कपडे बदलून बँड ऐकावा, आणि यातल्या कशासाठीही त्याला बाहेर शोधत फिरावं लागू नये. गिऱ्हाईकही तेच होतं, व्हिएन्नातल्या दुकानात सेट निवडायला येणारं. त्या घरातल्या बाईसाहेबांना काय आवडतं, कशानं त्यांचं मन खट्टू होतं, हे वालिस यांना वर्षानुवर्षांच्या विक्रीतून कळलं असणार.

घरांचं रूपही बघण्यासारखं आहे. मनोरे, कमानी, कोरीव लाकडी सज्जे, उतरतं छप्पर. कुठे इंग्लंडच्या खेड्यातल्या घराची आठवण, कुठे आल्प्समधल्या घराची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्झ बाउमगार्टनर यांच्यासारख्या वास्तुकारांनी ही शैली पुढे नेली, आणि आज ती तळ्याच्याच नावानं ओळखली जाते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. व्हिला वाढत गेले तसा काठ कुंपणांआड गेला. आज या तळ्याचा बराचसा किनारा खाजगी आहे, आणि गावकऱ्यांना पाण्यापर्यंत मोकळी वाट हवी, हा वाद कॅरिन्थियात अजून पेटतो. त्या तक्रारीत तथ्य आहे. ज्या पाण्यासाठी जग येतं, ते शेजारी राहणाऱ्याला फाटकाआडून बघावं लागू नये. पाण्यानंही सोसलं. पाहुण्यांच्या गर्दीबरोबर सांडपाणी वाढलं, शेवाळ माजलं. मग काठाच्या गावांचं सांडपाणी तळ्यात न सोडता बाहेर वाहून नेणाऱ्या वाहिन्या टाकल्या गेल्या, आणि पाणी पुन्हा नितळ झालं.

वालिस १९०० मध्ये वारले. त्याच सुमारास संगीतकार गुस्ताव माहलर पलीकडच्या काठावर, मायरनिगच्या झाडीतल्या एका छोट्या खोलीत सिंफनी लिहीत होते. कारखाना मुलांनी चालवला. १९११ मध्ये त्यांनी आणलेली ‘सेरापिस’ नावाची रंगीत, नक्षीदार भांडी आजही संग्राहक शोधत असतात. मग पहिलं महायुद्ध आलं, ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य फुटलं. कारखाना चेकोस्लोव्हाकियात गेला, तळं ऑस्ट्रियात राहिलं.

(दृश्य: संध्याकाळ. पोर्चाखच्या धक्क्याकडे येणारी जुनी वाफेची बोट.)

ही ‘थालिया’. १९०९ पासून याच पाण्यावर फिरते आहे. डावीकडे, झाडांच्या वर, पार्कहॉटेलची काँक्रीटची इमारत दिसते, वालिस यांच्या त्या टोकावर. बोटीचा भोंगा वाजतो, धक्क्यावर दोर फेकला जातो, आणि ओल्या केसांची मुलं आईचा हात सोडून पुढे धावतात.