शेवटचे चारशे मीटर

जीपीएस आणि रेडिओ घेऊन तीस किलोमीटर उंच जाणारा फुगा वर जातोच. गॅस भरून सोडला की त्याला अडवणारं कुणी नसतं. अवघड असतं ते पेलोडचं, म्हणजे खाली लटकणाऱ्या थर्माकोलच्या डब्याचं, परत हाती लागणं.

हा १२०० ग्रॅमचा लेटेक्सचा फुगा. जमिनीवर दोन मीटर व्यासाचा, वर फुटताना आठ मीटरच्या पुढे जातो. इतक्या ताणलेल्या रबराला नखाचा ओरखडाही पुरतो, म्हणून हातमोजे.

हेलियमचा अंदाज नजरेनं घ्यायचा नाही. एक घनमीटर हेलियम ढोबळमानानं एक किलो उचलतो. एक किलोच्या पेलोडसाठी फुग्याच्या तोंडाशी सुमारे सव्वादोन किलोची ओढ हवी. भरायची नळी आणि पाण्याची बाटली मिळून तेवढं वजन तोंडाला लटकवतात. ते ना वर, ना खाली, असं तरंगलं की गॅस बंद. कमी भरला तर फुगा रेंगाळतो आणि वाऱ्याबरोबर भलतीकडे जातो. क्वचित फुटतच नाही. जास्त भरला तर ठरलेल्या उंचीआधीच फुटतो. सेकंदाला पाच मीटर ही चाल बरी. हवाई वाहतूक विभागाची परवानगी अर्थातच आधी.

अठरा किलोमीटरवर काही जीपीएस मुके होतात. क्षेपणास्त्रांत वापर होऊ नये म्हणून घातलेली ही मर्यादा. काही जीपीएस मॉड्यूल उंच उड्डाणासाठीच्या 'एअरबोर्न मोड'मध्ये टाकली की चालतात, पण वीज क्षणभर गेली तरी सेटिंग पुसलं जाऊ शकतं. ती आज्ञा प्रोग्रॅममध्ये दर वेळी सुरुवातीलाच द्यावी. उणे पन्नास-साठ अंशांत अल्कलाइन सेल मान टाकतात. चार्ज न होणारे लिथियम सेल टिकतात.

तीस किलोमीटरवर फुगा फुटतो. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक टक्का, त्यामुळे डब्याच्या पॅराशूटला धरायला हवाच नाही. सुरुवातीला पेलोड सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरनं कोसळतो, जमिनीजवळ पाचवर येतो. फाटलेलं रबर दोऱ्यांत अडकलं नाही तर.

आणि मग डब्याची जागा कळवणारा रेडिओ गप्प होतो. बिघाड नसतो, मध्ये टेकडी किंवा झाडी आलेली असते. समजा शेवटचा संदेश चारशे मीटर उंचीवरून आला. खाली यायला ऐंशी सेकंद. वारा सेकंदाला चार मीटर, म्हणजे त्या बिंदूपासून वाऱ्याच्या दिशेनं सुमारे तीनशे वीस मीटर. तिथे गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि डब्यातल्या बझरचा आवाज येतोय का, ते ऐकायचं. आधी झाडांच्या शेंड्यांकडून.