भिंगरी किती जोरात फिरते?

नमस्कार, श्रोतेहो.

पालकसभा संपली की एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "मॅडम, आमच्या पोराला एडीएचडी आहे का हो? हो की नाही, एवढंच सांगा." शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी नेहमी ऐकते. एडीएचडी म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा रोजच्या जगण्यात अडथळा होणं. त्यामागची धास्ती मला कळते. पण हो-नाहीत बसणारं उत्तर त्याला नाही.

रक्तदाबाचं बघा. तो प्रत्येकाला असतोच, कुणाचा कमी, कुणाचा जास्त. अमुक आकड्यापुढे उपचार करायचे, ही रेघ डॉक्टरांनी अभ्यास करून आखली. शरीरात ती आखलेली नसते. चुळबूळ, विसराळूपणा, उतावळेपणा यांचंही तसंच आहे. 1997 साली ऑस्ट्रेलियात फ्लॉरेन्स लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्या मुलांचा मोठा अभ्यास केला. एडीएचडी हे काही निराळं खातं नाही, सगळ्यांत थोडंफार असतं त्याचंच ते टोक आहे, असं त्यांनी मांडलं. 2019 च्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासानेही याला बळ दिलं. निदान झालेल्यांमध्ये जनुकांचे जे बारीक फरक सापडतात, जवळपास तेच इतर मुलांच्या कमी-जास्त चंचलतेमागेही असतात.

तरी निदानासाठी रेघ आखावी लागतेच. मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकेच्या डीएसएम या नियमावलीत 18 लक्षणं आहेत, 9 लक्ष न लागण्याची आणि 9 अतिचंचलतेची. लहान मुलांत यांतल्या एका तरी गटातली 6 दिसावी लागतात. आता सांगा, 5 लक्षणांच्या मुलाच्या घरी संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी रडारड होत नाही का? होते, चांगली होते. त्या घराला 'काही नाही हो, ठीक आहे' म्हणून परत पाठवणं मला पटत नाही.

जेम्स स्वॉन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची प्रश्नावली मला म्हणूनच आवडते. तिच्यात प्रश्न सुलटे आहेत. 'सारखा मधे घुसतो का?' याऐवजी 'आपली पाळी येईपर्यंत थांबतो का?' आणि उत्तराला सात पायऱ्या, बरोबरीच्या मुलांपेक्षा खूप कमी ते खूप जास्त. असं मोजलं की बहुतेक मुलं मधल्या पायऱ्यांवर येतात. तुमचं मूल त्यांच्यापासून किती लांब आहे, ते समोर दिसतं.

मूल कुणाबरोबर, कशा वातावरणात आहे, यावरही बरंच ठरतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शाळाप्रवेशासाठी 31 डिसेंबरची मर्यादा असते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यांत लहान. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. 2012 मध्ये निष्कर्ष आला की जानेवारीतल्या मुलांपेक्षा डिसेंबरातल्या मुलग्यांत निदानाची शक्यता 30 टक्क्यांनी जास्त, मुलींत तर 70 टक्क्यांनी. त्यांच्यापैकी काहींचं वयच कमी होतं!

केनियाच्या उत्तर भागात अरियाल नावाची पशुपालक जमात आहे. चंचलतेशी जोडलं गेलेलं एक जनुकरूप तिथल्या पुरुषांत तपासलं. गुरांमागे हिंडणाऱ्यांत ते असलेले पुरुष अंगाने जास्त भरलेले होते. गावात स्थायिक झालेल्यांत मात्र तेच जनुकरूप असलेले जास्त हडकुळे. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नये, पण मला तो विसरता येत नाही.

पायाला भिंगरी लावलेलं पोर वर्गात दहा मिनिटं टिकत नाही. पेनाचं टोपण चावतं, बेंचखाली गुडघा हलवतं, शेजाऱ्याचा खोडरबर पळवतं. तेच पोर गणपतीच्या मखराला दिव्यांच्या माळा लावायला बसलं की जेवणाच्या हाकाही ऐकत नाही. आवडीच्या कामात असं बुडून जाणं, झटकन नवं सुचणं, गडबडीत न डगमगता हात घालणं, हेही त्याच स्वभावातून येतं. ऑलिम्पिक जलतरणपटू मायकेल फेल्प्सला लहानपणीच एडीएचडीचं निदान झालं होतं.

पण गुण आहेत म्हणून त्रास खोटा ठरत नाही. टोकाच्या बाजूला अपघात वाढतात, शिक्षण सुटतं, मन खचतं. तिथे औषधाने खरोखर फरक पडतो आणि ते नाकारून मुलाचं काही भलं होत नाही. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुली तर कुणाच्या नजरेतच येत नाहीत, त्यांच्याकडे मुद्दाम बघा.

म्हणून त्या आईला मी विचारते, हे घरी होतं की शाळेत, की दोन्हीकडे? कधीपासून? कशात मन रमतं? याची उत्तरं लिहून बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावरही बोलता येतं. आणि पुढचा बाक, अभ्यासाचे छोटे तुकडे, मधेच उठून वह्या वाटायची मुभा, एवढं तर निदानाचा कागद हातात येण्याआधी, उद्यापासूनच सुरू करता येतं.

नमस्कार.