आणा, तुमचीही मासळी

(वसईतल्या एका धर्मग्रामात उपवासकाळात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फादर, सिस्टर आणि मंडळी,

विषय दिलाय ‘रोजच्या जगण्यातलं ख्रिस्ती अध्यात्म’. विषय ऐसपैस, आणि मागे बसलेल्या काही जणांना पहाटे होडीवर जायचंय. म्हणून प्रस्तावना न करता योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय काढतो.

येशूच्या पुनरुत्थानानंतरची गोष्ट. त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, मी मासे धरायला चाललो. बाकीचेही निघतात. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागत नाही. उजाडताना किनाऱ्यावर कुणीतरी उभा दिसतो. तो सांगतो, उजव्या बाजूला टाका. जाळं भरतं, 153 मोठे मासे. या आकड्याचा अर्थ लावण्यात पंडितांनी शतकं घालवली. आपल्या नाखव्याला विचाराल तर तो म्हणेल, वाटे घालायचे होते, म्हणून मोजले!

होडी किनाऱ्याला लागते तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी, सोबत भाकर. न्याहारी तयारच आहे. तरी येशू म्हणतो, आत्ता धरलेत त्यातले थोडे आणा. त्याला कशाला हवेत? विस्तवावर मासळी आहे की! मला तर सगळ्या ख्रिस्ती अध्यात्माची नाडी इथेच सापडते. देवाने पान वाढलेलं असतं, तरी त्या पानात त्याला आपल्या हातचं काहीतरी हवं असतं.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या आपल्या मुख्य उपासनेत, दुसरं काय होतं? वेदीवर गव्हाची ओंबी आणि द्राक्षांचा घड ठेवून भागलं असतं. पण आपण भाकर आणि द्राक्षारस ठेवतो. कुणीतरी दळलं, मळलं, भाजलं. कुणीतरी रस काढून मुरवला. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू भूमीच्या फळाबरोबर माणसाच्या हातच्या कामाचंही नाव घेतात. नेमकी तेव्हाच दानाची पिशवी फिरत असते, त्यामुळे आपलं लक्ष खिशात.

आगेऱ्याला, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आपल्या सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी येतात. आता पुष्कळ शेतांत इमारती उभ्या राहिल्या आणि काही ठिकाणी लोंब्या बाहेरून आणायची पाळी आली. मला ते खटकतं. तरी सण बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्याचं शेत गेलं त्याने त्या दिवशी आज जे करतो ते आणावं: रिक्षाची किल्ली आणा, शिवलेला झगा आणा, परिचारिका असाल तर ड्यूटीचा तक्ता आणा. फादर थोडे बिचकतील, पण नाही म्हणणार नाहीत.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ‘सुबोध बायबल’चे कर्ते होते, 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. सत्कारात हे सगळं येतं. पण हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात इथलं पाणी आणि वाड्या वाचवायला ते लोकांबरोबर उतरले, तो त्यांच्या प्रार्थनेचाच भाग होता असं मी मानतो. विहिरीचं पाणी मचूळ झालं तर ते शेजाऱ्याचंही मचूळ होतं. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर कधीकधी ती जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत करावी लागते.

आता कलेबद्दल. कला म्हटलं की आपण गायनवृंदाकडे बोट दाखवून मोकळे होतो. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज मिशनरी 1579 साली गोव्यात आला. भोवतालची माणसं पुराणं ऐकत वाढलेली, म्हणून त्याने ख्रिस्तचरित्र त्यांच्याच ओवीत बसवलं. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण सभेत म्हणतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-कीर्तनाची आपली शिदोरी बरोबर आणली. दोघांनीही ‘आणा तुमचंही’ हे ऐकलं होतं. एकाने शेजाऱ्यांचं उचललं, दुसऱ्याने घरचं.

पण ओवी न रचणाऱ्यांचं काय? बोंबील वाळत घालणाऱ्या बाया बघा. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या आडव्या बांबूवर, टाकायची. बोटं न बघता चालतात, तोंडाने कुणाच्या तरी लग्नाची उठाठेव चालू. मूल रडलं की जिचा हात मोकळा ती उठते. मूल कुणाचं हे कुणी विचारत नाही. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठाच्या नियमांत लिहिलं की कोठाराची भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळावीत. त्याला वलांडी ठाऊक नव्हती. असती तर त्याने तीही यादीत घातली असती.

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस, त्याने रोजचं आत्मपरीक्षण सांगितलं. आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवसाची उजळणी, चुकांची क्षमा, उद्याचा निश्चय. पोरांना ते कंटाळवाणं वाटतं. त्यांना मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला दाखला सांगा: जाळं ओढून किनाऱ्यावर बसायचं, चांगली मासळी टोपलीत, खराब बाहेर. येशूने तो जगाच्या शेवटाबद्दल सांगितला खरा, पण रोज रात्री दिवसाची मासळी निवडायला आपल्याला कोण अडवतं? मात्र निवडताना आधी टोपली बघा. आपले लोक खराब मासळीचा ढीगच मोजत बसतात.

एका भगिनीची चिठ्ठी आली आहे: ‘घरकाम, सासूबाईंचं आजारपण, बाजार. प्रार्थना कधी करू?’ बाय, अविलाची संत तेरेसा आपल्या सिस्टरांना सांगत असे की प्रभू स्वयंपाकघरात भांड्यांमध्येही वावरतो. पण हे वाक्य पुरुषांनी बायकांना ऐकवायचं नाही. त्यांनी आधी भांडी घासावीत, मग ऐकवावं. आणि तुम्हाला अर्धा तास एकटीला चर्चमध्ये बसावंसं वाटत असेल, तर सासूबाईंजवळ तेवढा वेळ कोण बसेल हे तुमच्या आळीने ठरवायला हवं. आळीत संध्याकाळी रोझरीला वीस जण जमतात, त्यातल्या एकाला हे काम द्या.

फादर, एक विनंती. कोळीवाड्यातली प्रार्थनासभा उधाणाच्या दिवसांत ठेवू नका. तेव्हा भरती-ओहोटीला ओढ जास्त, म्हणून डोल, म्हणजे त्या ओढीवर चालणारं जाळं, लावायला माणसं समुद्रात असतात आणि मग आपणच म्हणतो की पुरुष येत नाहीत. भांगाचे, म्हणजे ओढ कमी असते ते दिवस बघा. तारीख नाखव्यांना विचारून घ्या.