सुरईच्या गळ्यातला हत्ती

समोर दिसतेय ती भाजलेल्या मातीची एक चकती. तळहातावर मावेल एवढी. तिच्यात हत्ती कोरलाय आणि त्याच्याभोवती बारीक जाळी. पाण्याच्या सुरईत, मान जिथे पोटाला मिळते तिथे ही जाळी बसलेली असायची.

ही जाळी ‘फुस्तात’ नावाच्या गावातली. हे गाव इजिप्तमध्ये, आजच्या कैरोच्या दक्षिण भागात. ९६९ ते ११७१ या फातिमी राजवटीत आणि पुढे मामलुक सुलतानांच्या काळातही इथल्या घराघरांत अशा सुरया होत्या. पाणी नाईलचं, पखालींतून दारात येणारं, पुराच्या दिवसांत तर चांगलंच गढूळ. ते आधी मोठ्या रांजणात निवळायचं, मग सुरईत भरायचं. जाळीला गाळणी म्हणतात खरं. पण एवढ्या छिद्रांतून गाळ कसला अडतोय! अडायचे ते किडे-माश्या. शिवाय ओतताना पाणी भसकन बाहेर येत नसे.

याच फुस्तातचे कुंभार सोन्यासारखी झळाळी असलेली भांडीही घडवत. पाण्याच्या सुरईला मात्र झिलई चालत नाही. झिलईनं मातीची छिद्रं बुजतात, पाणी झिरपत नाही, वाफ होत नाही आणि गारवाही येत नाही. माठाचं पाणी प्यायलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. थोडक्यात, श्रीमंताघरीसुद्धा गार पाण्यासाठी कोरी मातीच लागायची.

मग कुंभारानं हौस भागवली ती गळ्याच्या आत. माती अर्धवट सुकली की टोकदार हत्यारानं जाळी कोरायची, त्यानंतर वर मान जोडायची. मोर, पक्षी, तारे, कुठे वळणदार अरबी अक्षरं. काही जाळ्या इतक्या नाजूक की सुईकामच वाटावं. आणि हे सगळं एका स्वस्त, आज ना उद्या फुटणाऱ्या भांड्यात! बाहेरच्याला त्यातलं काही दिसत नसे. तोंडातून आत डोकावणाऱ्यालाच हत्ती भेटायचा, म्हणजे बहुतेक वेळा पाणी भरणाऱ्यालाच. मला तर वाटतं, कुंभाराचं खरं गिऱ्हाईक तोच.

११६८ मध्ये क्रूसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं सैन्य चालून आलं, तेव्हा गाव शत्रूच्या हाती पडू नये म्हणून फातिमी वजीर शावरनं फुस्तात जाळायला लावलं. नंतर गावाचा बराचसा भाग कैरोचा उकिरडा झाला. विसाव्या शतकात तिथे खणल्यावर खापरांच्या राशी निघाल्या. अख्ख्या सुरया क्वचितच, सुट्या जाळ्या मात्र पुष्कळ. इतक्या, की १९३२ साली कैरोच्या अरब कला संग्रहालयानं फक्त या जाळ्यांचीच स्वतंत्र सूची छापली.