फ्यूज बदलण्याआधी

(दृश्य: तळ उघडलेली इंडक्शन शेगडी. कॅमेरा फ्यूजवर.)

शेगडी उघडली की नजर आधी फ्यूजवर जाते. काचेच्या नळीतली तार नुसती तुटलेली दिसली, तर बिघाड किरकोळ असू शकतो. ही नळी मात्र आतून काळी-चंदेरी झाली आहे. म्हणजे प्रवाह इतका मोठा होता की तारेची वाफ होऊन ती काचेला चिकटली. पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे, आणि तो अजून तिथेच आहे. आता नवा फ्यूज टाकला, तर तोही त्याच क्षणी जाणार.

बोर्डाला हात लावण्याआधी जिवाची काळजी. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो. आधी मीटरने बघा; दाब असेल तर रेझिस्टर लावून उतरवा. पेचकसाने ठिणगी पाडू नका, त्यात कपॅसिटरही दुखावतो. आणखी एक: या शेगड्यांचा बोर्ड सहसा मेन लाइनपासून वेगळा केलेला नसतो. प्लग लावलेला असेल, तर बोर्डाच्या ग्राउंडला हात लागला तरी झटका बसतो.

(दृश्य: ब्रिज, कॉइल, हीटसिंकवरचा आयजीबीटी.)

230 व्होल्टचा एसी आत येतो. ब्रिज रेक्टिफायर त्याचा डीसी करतो, त्याची उंची सुमारे 325 व्होल्ट. आयजीबीटी, म्हणजे वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, हा डीसी कॉइलमधून सेकंदाला वीस ते चाळीस हजार वेळा सोडतो आणि तोडतो. तोडल्यावर कॉइल आणि रेझोनन्स कपॅसिटर यांच्यात ऊर्जा झोपाळ्यासारखी इकडून तिकडे जाते, आणि त्या झोक्यात आयजीबीटीवरचा दाब हजार व्होल्टच्या घरात पोचतो. म्हणून तिथे 1200 व्होल्टचा भाग लागतो.

आता मीटर डायोडच्या खुणेवर. आयजीबीटी बोर्डावरून सुटा करून मोजलेला बरा, नाहीतर शेजारचे भाग रीडिंग फसवतात. कलेक्टर-एमिटरमध्ये, म्हणजे मुख्य प्रवाहाच्या दोन पायांत, एका बाजूने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि उलट बाजूने काहीच नाही, असं आलं तर तो ठीक. इथे दोन्ही बाजूंनी शून्य. आयजीबीटी गेला. बरेचदा ब्रिजही सोबत जातो, तोही तपासा.

इथेच खरं काम सुरू होतं, आणि इथेच ते सोडून दिलं जातं. नवा आयजीबीटी बसतो, शेगडी थोडे दिवस चालते, पुन्हा धाडकन आवाज. कारण तो का गेला, हे कुणी विचारलेलंच नसतं.

माझा पहिला संशय रेझोनन्स कपॅसिटरवर. त्यावर 0.3 मायक्रोफॅरड ही साठवण्याची क्षमता छापलेली असते, पण वर्षानुवर्षं तापून ती उतरते. क्षमता उतरली की झोक्याची उंची वाढते, दाब 1200 च्या पलीकडे जातो. बाहेरून तो तुकतुकीत दिसू शकतो, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा नको, मोजायचाच. डीसी लाइनवरचा 5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही तसाच. मग गेट, म्हणजे आयजीबीटीचा चालू-बंदचा इशारा घेणारा पाय. गेटला साधारण 18 व्होल्ट हवेत. ते देणारा बोर्डावरचा छोटा पुरवठा अशक्त झाला की आयजीबीटी पूर्ण उघडत नाही, अर्धवट उघडा राहून तापत जातो. पंखा बोटाने फिरवून बघा. बोर्डावर तेलकट धूळ, मेलेली झुरळं असतील, तर ती आधी साफ करा. त्यांच्यातूनही प्रवाह वाट काढतो.

सगळं सुरू आहे, पण भांडं ठेवूनही शेगडी 'भांडं नाही' म्हणते, तो प्रकार वेगळा. शेगडी कॉइलला छोटा धक्का देऊन लहरी किती वेळ टिकतात ते मोजते. भांडं असेल तर त्या पटकन विरतात. हा अंदाज काही लाख ओहमच्या रेझिस्टरांच्या साखळीतून घेतला जातो. त्यातला एक जरी वाढला किंवा तुटला, तरी हिशेब चुकतो.

(दृश्य: सिरीज बल्ब.)

नवे भाग बसवल्यावर थेट मेनवर जाऊ नका. मध्ये 100 वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर चमकून विझला, तर शॉर्ट गेला. भरून पेटला, तर शॉर्ट आहे, पण नवा आयजीबीटी वाचला. बल्ब विझलेला असतानाच छोट्या पुरवठ्याचे 18 आणि 5 व्होल्ट मोजून घ्या, आणि त्यानंतरच तो काढून पाण्याचं भांडं ठेवा, सर्वात कमी पॉवरवर.

झाकण लावण्यापूर्वी काचेखालचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा भाग. सामान्य तापमानाला तो बहुधा 100 किलोओहम दाखवतो. बोटांच्या चिमटीत धरा: आकडा भराभर खाली यायला हवा. जागचा हलला नाही, तर बदला. बसवताना पांढरी पेस्ट लावून तो काचेला नीट टेकवा. तिथे फट राहिली, तर भांडं किती तापलंय ते शेगडीला वेळेवर कळत नाही.