खोलीतला एक प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला होणार होती. ती झाली २१ मार्च २०२१ ला. मधलं जवळजवळ वर्ष हा मी बसवलेल्या एकांकिकेचा विषय. त्या मार्चमध्ये परीक्षा पुन्हा पुढे गेली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरलेली मुलं सगळ्यांनी पाहिली. आमचा नायक त्यांच्यात नव्हता. तो पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत पडून होता. मेस बंद, अभ्यासिका बंद, वय वाढतंय, आणि घरून वडील विचारतायत, "जागा कधी निघणार रे?"

पहिल्या तालमींत आमचा नट केस विस्कटून, भिंतीवर डोकं आपटून निराशा दाखवायचा. जीव ओतून करायचा, पण मला ते खोटं वाटे. मी त्याला म्हटलं, तू फक्त घरी फोन कर. "हो आई, जेवलो. हो, अभ्यास चालू आहे." आवाज टवटवीत ठेव, आणि बोलताना अंगावरची चादर मात्र सोडू नकोस. त्या दिवशी तालमीत कुणी चहाला उठलं नाही.

मूळ संहितेत शेवटी तो जीव देत होता. त्यावर आमचं खूप भांडण झालं. लिहिणारी मुलगी त्याच पेठेत राहिलेली, तिला शेवट गोड करायचा नव्हता, आणि तिचं बरोबरच होतं. मग एक मानसोपचारतज्ज्ञ तालमीला येऊन बसल्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आत्महत्येची पद्धत रंगमंचावर दाखवू नका. आणि असा विचार मनात येतो का, हे सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, विचारलं की माणूस बोलू लागतो.

शेवट तिनेच पुन्हा लिहिला. रूम पार्टनर डबा खाली ठेवतो आणि विचारतो, "जीव द्यावासा वाटतो का तुला?"

या एका वाक्यावर आमचे दोन आठवडे गेले. नट ते गिळायचा, खाली बघायचा, नाहीतर घाईत उरकायचा. मग जाणवलं, आपणही घरात असंच करतो. शेवटी तो डोळ्यांत बघून विचारायला शिकला. पुढे अकरा सेकंद शांतता आहे. रेडिओवर ती मला तुम्हाला ऐकवता येत नाही. मग उत्तर येतं, "हो."

प्रयोगानंतर आम्ही टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक सांगतो: १४४१६. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

एका प्रयोगानंतर एक गृहस्थ विंगेपाशी आले. "हा प्रश्न फोनवर विचारला तर चालेल का? मुलगा लांब असतो."

चालेल, म्हटलं. त्यांनी तिथेच, जिन्यात उभं राहून फोन लावला.