मुळं वर, पात खाली

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'दक्षिण आफ्रिकेतली 1820 ची वसाहत आणि तिथली शेती'. म्हणजे इंग्लंडमधून उठून त्या टोकाला गेलेल्या कुटुंबांची पहिली चार-पाच वर्षं. ती शेती जमली का, हे मला आज सांगायचंय आणि सांगणारच आहे, पण आधी कांदा. निफाड-लासलगावच्या माणसांपुढे उभं राहायचं आणि कांद्याची गोष्ट शेवटाला ठेवायची हे काही मला जमणार नाही.

हेन्री डगमोर नावाचा एक पोरगा आईबापांबरोबर त्या जहाजांतून गेला. पुढे पाद्री झाला, आणि 50 वर्षांनी, 1870 मध्ये, त्या वसाहतीतल्या ग्रॅहम्सटाउन गावात त्याने असंच लोकांपुढे उभं राहून लहानपणी पाहिलेलं सांगितलं. त्यात त्याच्या शेजारपाजारच्यांची शेती आहे. एकाने कांद्याचं रोप आणलं आणि लावलं उलटं, मुळं वर, पात खाली. (हशा) दुसऱ्याने गाजराचं बी दोन फूट खोल चर खणून तळाला टाकलं आणि वरून माती ओढली. तिसऱ्याने मका पेरला तो अख्ख्या कणसासकट, दाणे काढायचे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता क्षणभर त्या कांदेवाल्याजवळ उकिडवे बसा. तो बहुतेक शहरातला कारागीर, विणकर नाहीतर चांभार नाहीतर सुतार, हाताला माती कधी लागलेली नाही, बायको तंबूत, पोरं उपाशी, आणि तो एकेक रोप दोन बोटांत धरून बोटाने भोक पाडून नीट ओळीत उलटं लावतोय. किती जपून लावलं असेल हो! हसू येतं, मलाही पहिल्यांदा आलं, पण दरवेळी वाचताना पोटात कालवतं.

ही माणसं तिथे गेली कशी? नेपोलियनची लढाई 1815 ला संपली, सैनिक घरी आले, कामं गेली. 1819 मध्ये पार्लमेंटने 50,000 पौंड मंजूर केले आणि सुमारे 4,000 माणसं बायकापोरांसकट अल्गोआच्या उपसागरावर उतरवली. दर कर्त्या पुरुषामागे 100 एकर. आपल्याकडे शंभर एकरवाला म्हणजे जहागीरदार, इंग्लंडातही तसंच, त्यामुळे आकडा ऐकूनच माणसं हरखली. उतरले त्या किनाऱ्यावर तेव्हाचा हंगामी गव्हर्नर डॉन्किन याने गाव वसवलं आणि त्याला आपल्या वारलेल्या बायकोचं नाव दिलं, पोर्ट एलिझाबेथ. ती एलिझाबेथ वारली कुठे, तर आपल्या मेरठला, 1818 मध्ये. मेरठमधल्या एका मरणावरून आफ्रिकेतल्या गावाचं नाव! 2021 मध्ये ते बदललं, पण ते असो, मी भरकटतोय.

तर बैलगाड्यांनी यांना आत नेऊन माळावर उतरवून दिलं आणि गाड्या परत. तंबू, मग कुडाच्या भिंती मातीने लिंपून घर, वर गवत. आणि गहू पेरला. गहू सुरेख आला, ओंब्या भरायला लागल्या आणि तांबेरा पडला, गव्हावरचा बुरशीचा रोग.

तांबेरा मी या गावात काय सांगू. माझे वडील गव्हातून फेरी मारून आले की पायजमा गुडघ्यापर्यंत विटकरी झालेला असायचा, आई तो बाहेरच झटकायला लावायची. पानावर बोट फिरवलं की हळदी-कुंकवासारखी भुकटी. आपल्याकडे तो नीलगिरी-पळणीच्या डोंगरांवरून वाऱ्याने वर येतो हे शास्त्रज्ञ मेहतांनी शोधून काढलं, महाबळेश्वरला त्याच्यासाठी वेगळं संशोधन केंद्र आहे, तुमच्या निफाडला गव्हाचं केंद्र आहे. त्या लोकांकडे यातलं काहीच नव्हतं आणि तांबेरा सलग तीन हंगाम आला. पोटाला राहिला मका आणि भोपळा. मग ऑक्टोबर 1823 मध्ये पूर, नदीकाठची घरं-वाफे सगळं वाहून गेलं. तोवर निम्म्याहून जास्त पुरुष आपली जमीन सोडून गावात सुतारकी, गवंडीकाम करायला निघून गेले होते.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा आता भरभर सांगतो, माफ करा.

ही शेती फसली त्याला तांबेरा, पूर, अडाणीपणा अशी कारणं देतात आणि पुढे लिहितात की रिकाम्या जमिनीवर या शूरांनी घाम गाळला. रिकामी जमीन हा शब्द मला सहन होत नाही. त्या भागाला डच लोक झूरवेल्ड म्हणायचे, आंबट गवताचं रान. ते गवत कोवळं असताना गुरं खातात, पुढे त्यात कस राहत नाही. तिथे आधीपासून राहणाऱ्या खोसा लोकांच्या गुराख्यांना हे पक्कं माहीत होतं, ते हंगाम बघून गुरं गोड गवताकडे, नद्यांच्या खोऱ्यांत हलवायचे. तिथे गुरांनी फिरायचं असतं आणि सरकारने माणशी 100 एकर आखून कुटुंबं एका जागी बांधून घातली. मोठ्या शेतांवर मेंढ्या आल्या, लोकरीचा धंदा झाला, तेव्हा कुठे तो भाग सावरला.

आणि ज्यांना हे माहीत होतं ते कुठे होते? 1811-12 मध्ये ब्रिटिशांच्या कर्नल ग्रॅहमच्या फौजेने सुमारे 20,000 खोसा तिथून फिश नदीपलीकडे हुसकले. पिकं, घरं जाळली. 1819 मध्ये खोसांचा पुढारी माखांडा याने हजारो माणसं घेऊन ग्रॅहम्सटाउनवर चाल केली, हरला, रॉबेन बेटावर कैदेत टाकला, आणि 1820 मध्ये पळताना बुडाला. ज्या वर्षी ही कुटुंबं उतरली त्याच वर्षी! सरकारला सरहद्दीवर माणसांची भिंत हवी होती आणि त्यासाठी हे विणकर-चांभार आणले, पण अर्ज भरताना ते कुणी त्यांना सांगितलं नाही. डगमोर सांगतो की तिथला अधिकारी कायलर याने निरोप देताना बजावलं होतं, नांगरायला जाल तेव्हा बंदूक घरी ठेवू नका. नवीन शेतकऱ्याला दिलेला सल्ला हा! कांद्याची मुळं कुठे करायची ते कुणी सांगितलं नाही.

1834 च्या डिसेंबरमध्ये खोसा परत आले आणि या कुटुंबांची कितीतरी घरं जळाली. ग्रॅहम्सटाउनचं नाव 2018 मध्ये माखांडा झालं.

वेळ झाली. मागच्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे, बोला काका.